विद्यापीठ आणि वाडी

पावसाळा तोंडावर आला, की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर कृषी विद्यापीठांच्या छोट्या छोट्या बातम्या येऊ लागतात. चारही विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांची संयुक्त बैठक भरणार, अमुक वाणाची शिफारस होणार, शेतकरी मेळावा, शिवार फेरी, रोपांची विक्री. लोकलमधला वाचक पान उलटतो. वसई-विरारची तर २००९ मध्ये महानगरपालिकाच झाली. सिमेंटच्या या गावाला भाताच्या नव्या वाणाचे काय, असे कुणालाही वाटेल. पण या बातम्यांमागे मोठा इतिहास आहे आणि त्यात वसईच्या मातीचाही वाटा आहे.

आपल्याकडे शेतीचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्यात सुरू झाले. १८७९ मध्ये तेथील विज्ञान महाविद्यालयात शेतीची शाखा निघाली आणि पुढे १९०७ मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालय आले. तिथून बाहेर पडणारे पदवीधर बहुधा सरकारी नोकरीत जात. शिकवणे, संशोधन करणे आणि ते बांधापर्यंत पोचवणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, ही कल्पना अमेरिकेची. तिथे १८६२ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला शेतीच्या महाविद्यालयासाठी जमीन मिळाली होती. भारतात त्या धर्तीवरचे पहिले कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला झाले. महाराष्ट्रात राहुरीला १९६८ मध्ये, अकोल्याला १९६९ मध्ये, आणि १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली अशी दोन विद्यापीठे सुरू झाली. दापोलीचे ते आजचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतचा सारा किनारा त्याच्या कक्षेत येतो. वसई या पट्ट्याच्या उत्तर टोकाकडे.

मात्र, विद्यापीठ येण्याआधीही ज्ञान होतेच. खाडीकाठच्या खाजणात समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि तिथे खारे पाणी सोसणारे भात लावायचे, ही विद्या उत्तर कोकणातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. ‘काळा राता’ आणि ‘भुरा राता’ ही त्यांची लाल तांदळाची भाते. शास्त्रज्ञांनी याच स्थानिक भातांतून निवड करून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे वाण काढले. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल’ या नावाने खारपड जमिनीसाठी भाताचे वाण दिले. म्हणजे आधी शिकवले ते शेतकऱ्याने, विद्यापीठाने ते तपासले, नीट केले आणि परत दिले. हा दुहेरी रस्ता आपण विसरतो आणि विद्यापीठाने सांगायचे, शेतकऱ्याने ऐकायचे, एवढेच चित्र मनात धरतो.

ऐकण्याचा विषय निघालाच आहे, तर रेडिओचीही एक आठवण सांगायला हवी. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळे स्थापन केली. कल्पना कॅनडातली होती. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. दहा आठवड्यांचा हा प्रयोग यशस्वी ठरला, तो नुसत्या ऐकण्यामुळे नव्हे, तर गावांनी उलट बोलल्यामुळे.

आता वसईची वाडी पाहा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्ये बदलली, पण विहीर, बावखल आणि रहाट यांच्या भोवतीची बागायत चालूच राहिली. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला ही तिची ओळख. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल धावू लागली. वाडीतला माल त्याच दिवशी मुंबईच्या बाजारात जाऊ लागला.

या साऱ्यात आगाशीची सुकेळी वेगळीच. राजेळी केळ्यांचे लोंगर पिकवायचे, साली काढून केळी उन्हात वाळवायची, वेळोवेळी फिरवायची आणि मधाचा रंग आला, की पानात बांधायची. साखर नाही, रसायन नाही. शीतगृह नव्हते तेव्हा नाशवंत फळ टिकवण्याचा हा उपाय होता. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरनेही या सुकेळ्यांची दखल घेतली आहे. दापोली विद्यापीठाची किल्ला-रोहा येथे काढणीपश्चात व्यवस्थापनाची पदव्युत्तर संस्था आहे. फळ झाडावरून उतरल्यानंतर त्याचे काय करायचे, हे तिथे शिकवले जाते. आगाशीच्या अंगणात तो धडा फार पूर्वीपासून चालू होता, फक्त त्याला पदवी नव्हती.

आज प्रश्न आहे तो या अंगणाचाच. शहर वाढले, पाण्याचा उपसा वाढला, विहिरी खारावू लागल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी लढा उभारला, तो याच धास्तीपोटी. राजेळीचे मुनवे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर लावून जपता येतील. पण ऊन किती लागले, हवेत दमट किती, केळे आज फिरवायचे की उद्या, हे बोटांनी ओळखणारा माणूस प्रक्षेत्रावर लावता येत नाही. वाडी गेली, की विद्यापीठाचा एक शिक्षक गेला.

पालघर जिल्ह्यातली दोन उदाहरणे मात्र धीर देतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये आणि वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी पिकाचा इतिहास, पद्धत आणि वेगळेपण कागदावर आणावे लागते. असे कागद एकट्या शास्त्रज्ञाकडून होत नाहीत आणि एकट्या शेतकऱ्याकडूनही नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी मेळाव्याची किंवा शिवार फेरीची चौकट दिसली, तर पान उलटू नका. वाडी असेल तर जाच, आणि घरात सुकेळी वाळवलेली कुणी आजी असेल, तर तिलाही घेऊन जा. शास्त्रज्ञांना विचारायचे प्रश्न जसे तुमच्याकडे असतील, तशी तिच्याकडे त्यांना हवी असलेली काही उत्तरेही असतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)