दाद मागायची कुणाकडे

रोगराईच्या गोष्टी आजीकडे तिच्या सासूकडून आल्या होत्या. घरात उंदीर मरून पडला की वाडीतली माणसं भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या घालायची, ती प्लेगची गोष्ट. मग १९१८ ची मानमोडी. तिरडीला खांदा द्यायला चौघं मिळेनात. या गोष्टींत साहेब असे, पोलीस असे, वैदू असे. पुढारी कुठेच नसे. विचारलं तर म्हणायची, "तो साथ गेल्यावर येतो."

तिचं म्हणणं अगदीच खरं नव्हे. १८९७ च्या प्लेगात टिळक पुणं सोडून गेले नाहीत. हिंदूंसाठी निघालेल्या प्लेग इस्पितळामागेही ते होते. गोखल्यांनी विलायतेत, पुण्याच्या पत्रांवर विसंबून, गोऱ्या सोल्जरांवर अत्याचाराचे आरोप केले. परतल्यावर पुरावा उभा राहीना, तेव्हा जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांचे बोल खाल्ले. अर्थात दोघांनाही आमच्या वाडीत मतं मागायला यायचं नव्हतं.

मतांच्या काळातली साथ, करोनाची, मी वसईतच पाहिली. नगरसेवकांची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पालिका प्रशासकाच्या हाती गेली. लोक मात्र सवयीनं माजी नगरसेवकाचंच दार ठोठावत, कुठे खाट मिळते का बघा म्हणून. एप्रिल २०२१ मध्ये मागणं खाटेवरून ऑक्सिजनवर आलं. लस आणि इंजेक्शनांवरून केंद्र आणि राज्य यांची जुंपली होती. नालासोपाऱ्याचे आमदार क्षितिज ठाकूर यांची बहुजन विकास आघाडी २०१९ पासून उद्धव ठाकरे सरकारच्या पाठीशी होती. तरी त्यांनी पंतप्रधानांनाच उघड साकडं घातलं: तालुक्यात ७,००० हून जास्त रुग्ण आहेत, ऑक्सिजन काही तासांपुरता उरलाय.

मोठ्या पक्षाच्या आमदारानं आधी वरच्याला विचारलं असतं. ज्या पक्षाचा जीव वसई-विरारातच आहे, त्याला वरचा कोण? हे मला तेव्हा आवडलं होतं, आजही आवडतं. पण २०१० पासून दहा वर्षं पालिकाही त्यांच्याच हाती होती. इथली सरकारी इस्पितळं इतकी तोकडी का, हा प्रश्न दिल्लीकडे हात केल्यावर मागे पडला.

२३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. १३ करोना रुग्ण त्याच दिवशी गेले. ही काही राष्ट्रीय बातमी नव्हे, असं राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे बोलून गेले. मदत राज्य सरकार करील, असं त्यांना म्हणायचं असावं. विरोधकांनी ते वाक्य धरलं, सत्ताधाऱ्यांनी सावरलं, आणि आगीची चर्चा वाक्याची चर्चा झाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ठाकूरांच्या पक्षाच्या तिन्ही जागा गेल्या. त्या निवडणुकीत आमच्या वाडीत पाण्यावर वाद झाले, रस्त्यांवर झाले, तुंबलेल्या गटारांवर झाले. करोनाचं नाव कुणी काढलं नाही.