शिक्कामोर्तब ते हॅश

अकलूजच्या पेठेत कुठल्याही दुकानात गल्ल्याच्या वर बघा. देवाच्या तसबिरीशेजारी धुळीनं माखलेला सीसीटीव्हीचा डीव्हीआर दिसेल. चोरी झाली की पोलीस आधी तोच मागतात. दोन पंच, पंचनामा, लेबलावर सह्या, वर लाखेचं सील. डबा सील झाला. आतल्या चित्रणाचं काय?

सील कशासाठी, हे आपल्या भाषेला जुनं ठाऊक आहे. शिवकाळातल्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपे तिथे मोर्तब. त्याखाली कुणी एक ओळही घुसडू नये, ही त्यातली दक्षता. शिक्कामोर्तब हा शब्द तिथूनच आला.

टेपरेकॉर्डर आला आणि ही दक्षता अवघड झाली. मुंबईतल्या एका लाचेच्या प्रकरणात माइक लपवून संभाषण टिपलं होतं. ती टेप सील न करताच पोलिसांकडे राहिली. युसुफअली नगरी खटल्यात 1967 साली सर्वोच्च न्यायालयानं ती ग्राह्य धरली, पण टेप पुसता येते, तेव्हा ती जपून तपासा, असंही बजावलं.

17 ऑक्टोबर 2000 पासून पुरावा कायद्यात कलम 65-ब आलं आणि डिजिटल नकलेला प्रमाणपत्राची जोड लागली. त्याची खरी कसोटी जालन्यात लागली. 2014 च्या विधानसभेत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला, असं पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाचा. सीडी मिळाल्या, प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही मिळेना. 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं प्रमाणपत्र सक्तीचंच ठरवलं. पण शक्य ते सारं करूनही ज्याला ते मिळत नाही, त्याची अडवणूक करू नये, असंही सांगितलं. मला हा निकाल फार माणुसकीचा वाटतो.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. संपूर्ण फाइलवरून गणितानं काढलेला हा आकडा. एसएचए-256 चा असेल तर 64 अक्षरांचा. चित्रणातला एक बिट बदला, सगळा आकडा बदलतो. हेच आजचं मोर्तब. खंत एवढीच, की नमुन्यात एमडी-5 आणि एसएचए-1 यांनाही जागा आहे. एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात, हे पहिल्याबाबत 2004 मध्ये आणि दुसऱ्याबाबत 2017 मध्ये सिद्ध झालंय.

शिवाय हॅश काढण्याआधी काय घडलं, ते हॅश सांगत नाही. डिस्क भरली की डीव्हीआर जुन्या चित्रणावरच नवं लिहितो. उशीर झाला की चोर पुसला जातो. घड्याळही पुढेमागे धावतं. म्हणून जाणता तपासी अंमलदार डबा काढण्याआधी मोबाइल डीव्हीआरच्या पडद्याशेजारी धरतो, दोन्हींच्या वेळा पंचांना वाचायला लावतो आणि फरक किती मिनिटांचा, ते पंचनाम्यात उतरवून घेतो.