खटले घेऊन गावी जाणे: उन्हाळ्यातल्या एका प्रवासाचा हिशेब

मराठीतल्या प्रवासवर्णनांची परंपरा आपण शिकवतो तेव्हा तिचा नायक बहुधा एकटा असतो. फार तर त्याच्यासोबत पत्नी असते, एखादा स्नेही असतो. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ असो की पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’, प्रवासी हा पाहणारा माणूस असतो. पाहणे हेच त्याचे काम. पण ज्या प्रवासात आठ-दहा माणसे, त्यांत दोन म्हाताऱ्या, तीन पोरे, एक तान्हे, चार ट्रंका आणि मोजके पैसे असतात, त्या प्रवासाला आपल्या वाङ्मयेतिहासात प्रकार म्हणून स्थान नाही. किंबहुना त्याला आपण प्रवास म्हणतच नाही. त्याला ‘गावी जाणे’ म्हणतात.

आमचे म्हणणे असे की विसाव्या शतकातल्या मराठी समाजाने केलेला सर्वांत मोठा आणि सर्वांत काटेकोरपणे आखलेला प्रवास हाच आहे. दरवर्षी उन्हाळ्यात तो होत असे आणि त्याची आखणी महिनोन्‌महिने आधीपासून चाले. परंतु त्याची नोंद साहित्यात तुटक सापडते, कारण ज्यांनी तो केला त्यांच्या हाती लेखणीपेक्षा हिशेबाची वही अधिक वेळ होती.

आरंभ थोडा मागून करू. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाकडे आपण १८५७च्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण गोडसे वरसईहून निघाले ते बंड पाहायला नव्हे. कुटुंब मोठे, डोक्यावर कर्ज, आणि मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या हिशेबाने काका-पुतणे निघाले. म्हणजे मराठीतल्या एका थोर प्रवासग्रंथाच्या मुळाशी घरखर्चाचा प्रश्न आहे. खटल्याला सोबत नेणे शक्यच नव्हते. खटल्यासाठी दोघांनी जायचे होते. परतताना विष्णुभटांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. घरच्यांना तीर्थाला नेणे परवडत नसेल तर तीर्थ घरी आणावे, असा तो काळ. ग्रंथ छापून निघाला १९०७ साली.

याच सुमारास, १९०१ साली, सातारा जिल्ह्यात मुलांचा एक उन्हाळी प्रवास घडला. या विषयावर बोलताना तो ओलांडून पुढे जाता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लहानशा इंग्रजी आत्मकथनात तो सांगितला आहे. वडील रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावी खजिनदार म्हणून नोकरीस होते. दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून तेथे सरकारने तलावाचे काम काढले होते. आई वारलेली, मुले साताऱ्यात आत्याच्या देखरेखीखाली. वडिलांनी सुट्टीसाठी बोलावले. नऊ वर्षांचे भीमराव, थोरले बंधू आणि बहिणीकडची भाचरे असा बेत ठरला.

हा प्रवास नीट आखलेला होता, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. नवे सदरे शिवले, टोप्या घेतल्या, रेशीमकाठी धोतरे आली. वडिलांना पत्र टाकून दिवस कळवला. शिदोरी बांधली. साताऱ्याहून स्टेशनपर्यंत टांगा आणि पुढे मसूरपर्यंत आगगाडी, इथवर सारे ठरल्याप्रमाणे पार पडले. चूक झाली ती एवढीच की घरच्या शिपायाच्या हलगर्जीपणामुळे पत्र वडिलांपर्यंत पोहोचले नाही आणि न्यायला कोणी आले नाही. एवढी चूक कोणाच्याही प्रवासात होते. तिची किंमत मात्र प्रत्येकाला सारखी पडत नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांची वागणूक पालटली. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या असून एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी: मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. डब्यात जेवण होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून जेवण तसेच राहिले. रात्र टोलनाक्याजवळ काढली. तेथे आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. गोरेगाव गाठले ते दुसऱ्या दिवशी.

या प्रसंगाकडे आपण मानहानीची कथा म्हणून पाहतो, ती आहेच. पण त्यातला ‘दुप्पट’ हा शब्द आम्हांला हिशेबाचा म्हणूनही महत्त्वाचा वाटतो. भाडे छापलेले नव्हते. ते तोंडाकडे पाहून ठरे, आणि जातीचा कर त्यात मिळवला जाई. काटकसरीने प्रवास आखणे ही गोष्ट दर ठाऊक असतील तरच शक्य होते. ज्याला आपला दर निघण्याआधी कळतच नाही, त्याने बेत आखायचा तो कसला?

आता मुंबईकडे वळू. गिरणगाव उभे राहिले त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा इतका मोठा की १९२१च्या सुमारास शहरातला जवळजवळ पाचवा माणूस त्या जिल्ह्यात जन्मलेला होता. मात्र हा ‘माणूस’ बहुतकरून पुरुष होता. त्या काळी मुंबईत पुरुषांच्या मानाने स्त्रिया निम्म्याच्या आसपास होत्या. बायकामुले गावी, पुरुष खोलीत दहा-पंधरा जणांसोबत आणि मनिऑर्डर दोघांच्या मध्ये. त्यामुळे चाकरमान्यांच्या उन्हाळी प्रवासाचे जे चित्र आज आपण सर्रास डोळ्यांपुढे आणतो, म्हणजे पोराबाळांनी भरलेली गाडी, ते पुष्कळसे नंतरचे आहे. आधी एकटा पुरुष कुटुंबाकडे जात असे. पुढे चाळीत बिऱ्हाडे थाटली गेली तेव्हा सगळे कुटुंबच कुटुंबाकडे जाऊ लागले. हा फरक आमच्या मते मोठा आहे, कारण खर्च एकाचा होता तो सात-आठ जणांचा झाला.

उन्हाळाच का? शाळांची सुट्टी हे उत्तर अर्धेच खरे. लग्नसराई होती, आंबे-फणस होते, आणि मुख्य म्हणजे पाऊस तोंडावर आला असताना घर शाकारायचे, भाजावळ उरकायची, पेरणीची तयारी करायची असे. गिरणीतल्या एप्रिल-मेमधल्या गैरहजेरीबद्दल मालक तक्रार करीत ती याचमुळे. सुट्टी ही गावच्या दृष्टीने कामाचीच वेळ होती.

आणि सुट्टी फुकट नव्हती. कारखान्यांत भरपगारी रजेची तरतूद कायद्याने आली ती १९४५च्या दुरुस्तीने. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा ठरवून दिली. त्याआधी गावी जाणे म्हणजे तितक्या दिवसांचा पगार सोडणे आणि परतल्यावर आपल्या जागी बदलीवाला तर उभा नाही ना, ही धास्ती बाळगणे. प्रवासखर्चात तिकिटाचा आकडा त्यामुळे पुष्कळदा सर्वांत लहान असे.

वाट पूर्वी समुद्राची होती. आगबोटीचा डेक स्वस्त पडे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई. बहुतेक ठिकाणी ती किनाऱ्याला लागत नसे आणि ट्रंकांसकट माणसे होडीत उतरत. पुढे बैलगाडी किंवा पाय. या व्यवस्थेत एक तारीख कठोर होती: पावसाळा लागण्यापूर्वी बोटी बंद होत. त्याआधी परतले नाही तर घाटावरून वळसा घालून जाण्याचा खर्च अंगावर. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो प्रवास जवळचा होता, पण त्या आठवणीने पुढची कित्येक वर्षे कोकणातल्या घराघरांत बोटीचा विषय निघाला की बोलणे थांबे.

पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर मुंबई राज्याची पहिली सरकारी एस.टी. धावली. तोवर रस्त्यावर खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. त्या भरल्या की सुटत. एस.टी.ने वेळ आणली हे सर्वांना दिसले. आम्हांला तिचे दुसरे दान अधिक मोलाचे वाटते: तिने छापील तिकीट आणले. कंडक्टरने पंच केलेल्या त्या चिटोऱ्यावर जो आकडा असे तो सावकारालाही तोच आणि त्याच्या गड्यालाही तोच. दुप्पट भाडे मागण्याची सोय गेली. याचा अर्थ शेजारी बसताना कोणी अंग चोरले नाही, किंवा स्टँडवरच्या हॉटेलात कप सारखेच मिळाले, असा नव्हे. पण गरीब घरातल्या माणसाला चैत्रातच बसून वैशाखातल्या खर्चाचा आकडा काढता येऊ लागला.

आणि तो काढला जाई. पूर्ण तिकिटे किती, अर्धी किती, कोणाचे वय तिकिटापुरते कमी सांगायचे, कोण मांडीवर बसेल. सामान टपावर, म्हणून ट्रंक दोरीने बांधलेली, वळकटी वेगळी, फिरकीचा तांब्या हातात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी चटणी असे न विटणारे अन्न आदल्या रात्री तयार, कारण बाहेरचे खाणे दहा तोंडांना परवडणारे नव्हते. गावी न्यायच्या वस्तू वर्षभर एकेक करून घेतलेल्या असत. ही सारी व्यवस्था बायकांची. तिकिटाच्या रांगेत पुरुष उभा राही म्हणून तो प्रवासाचा कर्ता ठरला. एरवी आखणी म्हणून जिला म्हणावे ती स्वयंपाकघरातच होत होती.

रस्ताही सोपा नव्हता. खाड्या आणि घाट यांनी कोकणचा रस्ता अडवून धरला होता. महाडजवळ सावित्रीवर १९२८ साली बांधलेला दगडी पूल (तोच २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात कोसळला), पुढे कशेडीचा घाट, चिपळूणची वाशिष्ठी. ज्याने लहानपणी हा मार्ग केला त्याला ही नावे ओकाऱ्यांच्या क्रमाने आठवतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

साहित्याने यातले काय उचलले? पु. लं.च्या ‘म्हैस’ने एस.टी.ला रंगमंच केले. गाडी अडते आणि गाडीतला समाज बोलू लागतो. जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये गावच प्रवाशांचे आहे. दोन्ही कृती आम्हांला प्रिय आहेत. तरीही म्हणावेसे वाटते की या लेखनात गाडीत बसलेला माणूस भेटतो तो स्वभाव म्हणून, तऱ्हा म्हणून. त्याच्या खिशातल्या नोटा कोणी मोजत नाही. विनोदाला ते परवडत नाही, हे खरे. पण म्हणून गंभीर कादंबरीने तरी ते काम केले, असे दिसत नाही. त्या तोलाची नोंद आम्हांला सापडते ती ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३). रत्नागिरीच्या बाजारला डोंगर तुडवत जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांपासून हे पुस्तक सुरू होते. तिकीट छापील झाले तरी ते काढायला पैसे लागतात, हे त्या चालणाऱ्या पायांशिवाय लक्षात येत नाही. रस्त्याच्या इतिहासात पायी जाणारे धरायचे की नाही, हा प्रश्न अभ्यासकांनी या पुस्तकाच्या आधाराने अवश्य घ्यावा.

१९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि ज्या पगारावर हा वार्षिक हिशेब बसवलेला होता तोच नाहीसा झाला. पुष्कळ जण त्या वर्षी गावी गेले ते शाकारणीसाठी नव्हे आणि परतीचे तिकीट न काढता. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. बोटीची वाट त्याआधीच आटली होती. पुढे चार घरांनी वर्गणी काढून सुमो किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची पद्धत रुळली. एस.टी.चा हिशेबही बदलला: २०२२च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला आणि २०२३च्या मार्चमध्ये स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत. पूर्वी म्हातारीला मागे ठेवून पैसे वाचवत. आता तीच खटल्यातली बिनखर्चाची प्रवासी झाली.

या प्रवासाची साधने अजून घरोघर पडून आहेत. मनिऑर्डरीच्या पावत्या, रजेचे अर्ज, हिशेबाच्या वह्यांतले ‘गाडीभाडे’ आणि ‘हमाल’ असे रकाने, गावाहून आलेली ‘येताना अमुक आणा’ अशा याद्यांची कार्डे. प्रवासवर्णनाचा पेपर शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात एवढेच काम द्यावे: आपल्या घरातली अशी एक वही शोधून तिची नक्कल करून आणणे.