गोळ्याचा तोल



कामगार चळवळीतला माणूस खेळाच्या गोळ्यावर काय बोलणार, असे कार्यपत्रिका पाहून कुणाच्या मनात आले असेल. मी शाळा अर्ध्यातच सोडली. जे काही शिकलो ते लेथवर आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी. लेथवर पहिला धडा मिळतो तो तोलाचा. जड चकतीच्या एका अंगाला भोक पाडले की ती फिरताना थरथरू लागते. बोलिंगच्या गोळ्याचा इतिहास हा अशाच भोकांचा इतिहास आहे, म्हणून मी हा विषय घेतला.

अमेरिकेतला दहा पिनांचा हा खेळ साठ फूट लांब आणि जेमतेम साडेतीन फूट रुंद अशा वाटेवर चालतो. १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली आणि खेळाला एकसारखे नियम मिळाले. गोळा सोळा पौंडांहून जड नसावा, घेर सुमारे सत्तावीस इंचांपलीकडे जाऊ नये. ह्या मर्यादेत राहून गोळा अधिक परिणामकारक कसा करावा, एवढ्या एकाच प्रश्नाला तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या कारागीर लागले आहेत.

पहिले गोळे लिग्नम व्हीटी नावाच्या लाकडाचे. कॅरिबियन बेटांकडचे हे झाड इतके घट्ट की त्याचा तुकडा पाण्यात बुडतो. त्याच्या अंगीच राळ असल्यामुळे आगबोटीच्या पंख्याच्या दांड्याला त्याचे बेअरिंग करीत. तेल घालावे लागत नसे. पण लाकूड ते लाकूडच. ते तडकते, झिजते, गोलाई सोडते. विसाव्या शतकाच्या आरंभी कडक रबराचे गोळे निघाले, आणि १९१४ च्या सुमारास ब्रन्सविक कंपनीचा मिनरलाइट गोळा घरोघर माहीत झाला. तेव्हा बहुधा दोनच भोके असत, एक अंगठ्याचे आणि एक बोटाचे. तिसरे भोक मागाहून रूढ झाले.

येथे गोळा क्षणभर बाजूला ठेवतो. १९१६ साली ह्याच काँग्रेसने आपले सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांपुरते राखले. मोटार कारखान्यांतल्या कामगारांचा हा आवडता खेळ. एकाच पट्ट्यावर शेजारी उभे राहून घाम गाळणारे दोन कामगार संध्याकाळी एका स्पर्धेत उतरू शकत नव्हते. १९३९ साली कृष्णवर्णीय खेळाडूंनी डेट्रॉइटला आपली वेगळी संघटना काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कामगारांच्या युनियनने हा प्रश्न हाती घेतला, मिनियापोलिसचे महापौर ह्यूबर्ट हंफ्री ह्यांच्यासारखी माणसे समितीवर आली, प्रकरण न्यायालयांत गेले, आणि १९५० साली इलिनॉयच्या न्यायालयाने दंड ठोठावल्यावर ते कलम काढले गेले. चौतीस वर्षे लागली! पगारवाढीच्या करारात असली कलमे नसतात, म्हणून युनियनने त्यात पडू नये असे म्हणणारे आपल्याकडेही भेटतात.

असो. १९६० च्या सुमारास पॉलिएस्टरचे रंगीबेरंगी गोळे आले. त्यांचा पृष्ठभाग कडक, म्हणून ते सरळ जात. आणि येथेच खरी अडचण आहे. सरळ आलेला गोळा पिनांवर आदळून बाजूला ढकलला जातो; सुमारे सहा अंशांचा तिरकस प्रवेश मिळाला तर तो आपला रोख टिकवतो. तेवढे वळायचे तर जमिनीशी घर्षण हवे. वाटेच्या पहिल्या भागावर तेल असते, तेथे गोळा घसरतो. पुढे कोरडा भाग लागला की पकड घेतो, वळतो आणि मग सरळ गडगडतो. १९७३ साली डॉन मॅक्यून ह्यांनी गोळा एका तीव्र रासायनिक द्रावणात बुडवून मऊ केला आणि त्या वर्षीचे सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू ठरले. पाहता पाहता इतर खेळाडूही गोळे भिजवू लागले. ते द्रावण ज्वालाग्राही, त्याची वाफ नाकात गेली की डोके गरगरते. कारखान्यात ज्यांनी ते हाताळले आहे त्यांना हे सांगायला नको. अखेर कडकपणाची किमान मर्यादा ठरवावी लागली. १९८१ साली युरेथेनचे गोळे आले आणि त्यानंतर दहाएक वर्षांत अधिक चिवट रेझिनचे.

आता पोटातली गोष्ट. भोके पाडली की तेवढे वजन जाते, म्हणून भरपाईसाठी सालीखाली एक जड ठोकळा बसवीत. पुढे कारखानदारांच्या ध्यानात आले की हाच ठोकळा बल्बच्या आकाराचा करून मध्याशी नेला तर गोळ्याच्या फिरण्यालाच वळण लावता येते. भोवरा डोलताना आपण पाहतोच. तसाच गोळ्याचा आस प्रत्येक फेऱ्याला जरासा सरकतो, आणि तेल लागलेल्या पट्ट्याऐवजी कोरडा पट्टा जमिनीला टेकतो. पकड वाढते ती अशी.

ठोकळा कुठे आहे हे गोळ्यावरच्या एका ठिपक्यावरून कळते. खेळाडूच्या हातातून सुटताना गोळा ज्या बिंदूभोवती फिरतो, तेथून हा ठिपका पावणेसात इंचांवर, म्हणजे पाव घेरावर, असेल तर आस जवळपास सरकत नाही. ठिपका त्या बिंदूवरच असला तरी तीच गत. बरोबर मधे, ३ पूर्णांक ३/८ इंचांवर, आस सर्वांत जास्त सरकतो. म्हणजे दोन जुळे गोळे दोन ठिकाणी भोके पाडून दोन स्वभावांचे करता येतात. भोके पाडणारा आधी माणसाचा हात मोजतो, बोटे पहिल्या पेरापर्यंत जाणार की दुसऱ्या ते विचारतो, भोकांच्या कडा घासतो. कुदळीचा दांडा परक्या हातासाठी घडवलेला असला की संध्याकाळी मनगट काय म्हणते ते मला ठाऊक आहे; मॉलमध्ये भाड्याने मिळणारा गोळा तसाच असतो.

तोल साधण्याच्या नावाखाली एक चौथे भोक निघाले होते. त्यात बोट जात नसे, पण त्याच्या खोलीवर आणि जागेवर गोळ्याचे वळण कमीअधिक करता येई. १ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेतल्या नियामक संस्थेने ते बंद केले. जे भोक पाडाल त्यात खेळताना बोट असलेच पाहिजे. ज्यांच्या गोळ्यांना असे भोक होते त्यांना स्पर्धेत उतरण्यापूर्वी ते बुजवून घ्यावे लागले.