मृगमाया

आपल्या प्राचीन कथावाङ्मयातील प्राणी हे माणसांचेच मुखवटे होत, असा समज मराठी समीक्षेत फार रूढ आहे. पंचतंत्र राजपुत्रांच्या शिक्षणासाठी, जातके भिक्षूंच्या उपदेशासाठी. तेव्हा कोल्हा म्हणजे धूर्त अमात्य आणि हरीण म्हणजे साधा शिष्य, एवढे सांगितले की आपले काम संपते. हे मत चुकीचे नाही, पण अपुरे आहे. रानातला जीव संकटातून कसा निभावतो, हे या कथाकारांनी कधीतरी डोळ्यांनी पाहिलेले होते. त्या पाहण्याच्या खुणा बोधाच्या पुटाखाली अजून शाबूत आहेत, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवल्यामुळे आपल्या वाङ्मयेतिहासातील एक धागा तुटला आहे.

जातकसंग्रहाच्या आरंभीच दोन जोडकथा येतात. दुर्गा भागवत यांनी ‘सिद्धार्थ जातक’मधून ही जातके मराठीत आणली, त्यामुळे मराठी वाचकाला त्या दुर्मीळ नाहीत. ‘खरादिया जातका’त एक हरिणी आपल्या मुलाला भावाकडे आणते आणि त्याला ‘मिगमाया’ म्हणजे हरणांच्या युक्त्या शिकव, असे सांगते. भाचा नेमल्या वेळी येत नाही, शिकत नाही, पुढे फासात सापडतो आणि मारला जातो. लगेच पुढच्या ‘तिपल्लत्थमिग जातका’तला भाचा मात्र वेळेवर येतो आणि सारे शिकतो. फासात तोही सापडतोच. पण तो कुशीवर आडवा होतो, पाय ताणतो, पोट फुगवतो, जमिनीला टेकलेल्या एकाच नाकपुडीने श्वास घेतो. माश्या घोंगावू लागतात, कावळे जमतात. पारधी मेलेले हरीण समजून दोर सोडतो आणि हरीण उठून पळून जाते.

पहिली कथा एका उद्धट भिक्षूला उद्देशून आहे, दुसरी राहुलाच्या शिक्षणतत्परतेची स्तुती करण्यासाठी. पण उपदेशाला नाकपुडीची काय गरज होती? मध्यरात्री पाणी पिण्याच्या सवयीचा उल्लेखही गाथेत आहे. त्याचीही गरज नव्हती. हा तपशील रानाकडून आला आहे. काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून दूर चरायला जाते आणि ते पाडस निपचित पडून राहते, हे माळावर वावरलेल्या कोणालाही ठाऊक असते. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची पाडसे अशी दडून असताना धोक्याची चाहूल लागली की त्यांच्या हृदयाचे ठोके एकाएकी मंदावतात, हे विसाव्या शतकात मोजून पाहिले गेले. फासात सापडलेले मोठे हरीण सहसा धडपडते. पाडसाचा गुण कथाकाराने वाढत्या हरणाला दिला असावा, असे मला वाटते. एवढे स्वातंत्र्य कथेला असतेच.

महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्माच्या प्रकरणात, भीष्म युधिष्ठिराला पलित नावाच्या उंदराची गोष्ट सांगतो. वडाखाली लोमश हे मांजर जाळ्यात अडकले आहे. त्या आनंदात उंदीर निर्धास्त फिरत असताना जमिनीवर हरित नावाचे मुंगूस आणि फांदीवर चंद्रक नावाचे घुबड त्याच्यासाठी टपून बसते. उंदीर सरळ मांजराच्या कुशीत शिरतो. जाळे कुरतडून देण्याच्या बोलीवर त्याला अभय मिळते आणि मुंगूस व घुबड निराश होऊन जातात. पण शेवटचा पाश तो पारधी अगदी जवळ येईपर्यंत कुरतडत नाही. मग मांजर झाडावर पळते, उंदीर बिळात. नंतर मांजर मैत्रीच्या गोड शब्दांनी बोलावते, तेव्हा उंदीर साफ नकार देतो. पंचतंत्रातील कावळा, उंदीर, कासव आणि हरीण परस्परांवरील प्रेमाने वाचतात. पलित वाचतो तो हिशेबाने. मला हा उंदीर अधिक खरा वाटतो.

यानंतरचा मोठा काळ या दृष्टीने रिता आहे. इंग्रजी अमदानीतील शिकारवाङ्मयात जनावर बहुधा बंदुकीच्या टोकापुढचे लक्ष्य असते. जिम कॉर्बेट हा त्यातला अपवाद. ‘जंगल लोअर’ (1953) या पुस्तकात तो चितळ, भेकर, वानर यांच्या हाका एखादी भाषा वाचावी तशा वाचतो. पुढे जॉर्ज शॅलर यांनी कान्हाच्या रानात राहून केलेला अभ्यास 1967 मध्ये ग्रंथरूपाने आला. याच कान्हात वानर आणि चितळ यांच्या सोबतीचीही नोंद झाली आहे. वानर झाडावरून पाला-फळे खाली टाकतात, चितळ ती खातात. उंचावरून वानराला दूरचे दिसते, चितळाला वास लवकर लागतो आणि एकाच्या इशाऱ्याने दुसरा सावध होतो. पंचतंत्रातील मैत्री येथे भेटते, पण प्रेमाचा पुरावा नसलेली. ती पलिताच्या बाजूने झुकते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’चे (1982) मोल या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. 1983 मध्ये या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्याविषयी बरेच लिहिले गेले ते राजकीय रूपक म्हणून. म्हणजे पुन्हा मुखवटाच. वस्तुतः तिच्यातील संकट वाघ-बिबळ्याचे नाही, स्वजातीचे आहे. टोळीवर नवा नर अंमल बसवतो आणि आधीच्या नराची पिल्ले जिवाला मुकतात. 1960 च्या दशकाच्या आरंभी युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडच्या परिसरात हे प्रथम नोंदवले. सारा हर्डी यांचा अबूच्या वानरांवरील ग्रंथ 1977 चा. वानरमाद्या हे मुकाट सोसत नाहीत, हे हर्डी यांनी दाखवले. म्हाताऱ्या माद्या हल्लेखोर नराच्या अंगावर धावून जातात. गर्भवती मादीही नव्या नराशी संग करते. त्यामुळे पुढे जन्मणारे पिल्लू त्याला परके वाटू नये, असा हर्डी यांचा तर्क आहे. ‘माया’ या शब्दाचे पाली आणि मराठी असे दोन्ही अर्थ या एका कृतीत एकवटलेले दिसतात.

हे सारे आधुनिक शास्त्राने आपल्याला प्रथमच सांगितले, असे मानण्यापूर्वी ‘तयोधम्म जातक’ वाचावे. त्यातला कपिराज, पुढे आपले स्थान जाईल या भीतीने, स्वतःच्या नर पिल्लांना दातांनी खच्ची करतो. वानराचा नर मारतो ती दुसऱ्याची पिल्ले, हा स्वतःच्याच. हा फरक लहान नाही, आणि हे कोणत्या जातीचे माकड तेही कथा सांगत नाही. परंतु कळपातल्या बलिष्ठ नराच्या दातांत पिल्लाचा मृत्यू असू शकतो, ही जाणीव तीत आहे. देवदत्ताच्या निंदेसाठी रचलेल्या या कथेत एक गर्भवती माकडीण येते. तिला नाव नाही आणि बोधाच्या दृष्टीने तिचे काम फार थोडे आहे. आपल्या पोटात काय आहे हे उमगताच ती कळप सोडते आणि डोंगराच्या पायथ्याशी दुसऱ्या रानात जाऊन विते. ते पिल्लू मोठे होऊन बापाला भेटायला येते. बाप त्याला मिठीत चिरडू पाहतो आणि ते साधत नाही तेव्हा राक्षसाचा वास असलेल्या तळ्यातून कमळे आणायला पाठवतो. पोरगा काठावरची पावले पाहतो. सगळी आत गेलेली, परतलेले एकही नाही. मग तो पाण्यात पाय न घालता या काठावरून त्या काठावर उडी घेतो आणि उडतानाच कमळे खुडतो.