फाळाचे बीड आणि पियानोचे बीड

श्रोतेहो, हातखंब्याच्या तिठ्यावरून एक रस्ता रत्नागिरीला उतरतो. दुसऱ्याने पालीवरून आंबा घाट चढलात की कोल्हापूर, आणि त्यापुढे किर्लोस्करवाडी. आजची गोष्ट तिकडचीच, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी तेव्हा समजूत. दोन वर्षे गिऱ्हाईक फिरकेना. १९१० साली कारखाना औंध संस्थानात, किर्लोस्करवाडीला आला. पहिल्या महायुद्धात बिडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले.

त्या शेतकऱ्यांना हसू नका हो. बीड मुळात ठिसूळ. ऐन नांगरटीत फाळ मोडला, तर ओतणाऱ्याचे काय जाते? हंगाम शेतकऱ्याचा बुडतो.

आता गंमत पाहा. बिडात शेकडा तीन-चार भाग कार्बन असतो. रस वाळूच्या साच्यात सावकाश निवला, तर त्या कार्बनचे पेन्सिलीच्या शिशासारखे पापुद्रे बनतात. बीड करडे आणि मऊ होते. तोच रस थंड लोखंडाला लागून झटकन निवला, तर पापुद्रे बनायला वेळच मिळत नाही. बीड पांढरे, अतिशय कठीण, पण ठिसूळ होते. इंग्लंडातील रॅन्सम याने १८०३ साली याच गुणाचे पेटंट घेतले. फाळाच्या साच्याचा तळ लोखंडाचा, वरची बाजू वाळूची. खालचे अंग कठीण राही, वरचे आधी झिजे. त्यामुळे धार आपोआप टिके.

पियानोला नेमके उलटे हवे असते. आपल्या गावांतून पेटी दिसते, पियानो क्वचित. त्याच्या दोनशेवर पोलादी तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो. लाकडी सांगाडा त्यापुढे वाकू लागला, म्हणून बोस्टनच्या बॅबकॉकने १८२५ साली एकसंध बिडाची चौकट आणली. ती वाळूत ओतून सावकाश निववतात. करडे बीड दाब सोसते, आणि त्यातले पापुद्रे कंप जिरवतात. तारा वाजतात, चौकट गप्प राहते. देवळातल्या काशाच्या घंटेने तसे केले तर चालेल का?

पुढे १९७० नंतर जपानात कोरडी वाळू निर्वाताने आवळून धरण्याची रीत निघाली. अंग गुळगुळीत निघते, घासकाम वाचते. तिने नाद बदलतो का, यावर जाणकारांत वाद आहे. मला विचाराल तर, आधी रस किती वेळात निवला ते पाहावे.

शिक्षकबंधूंनो, भंगारातला मोडका फाळ वर्गात आणा. मोडलेल्या जागी काठ पांढरा आणि आत करडे दिसले, तर मुलांना विचारा, साच्याची कोणती बाजू लोखंडाची होती?