कीरतपूर साहिब

कीरतपूर साहिब : पंजाब राज्याच्या रूपनगर जिल्ह्यातील, सतलज नदीच्या डाव्या अंगास शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेला शीख पंथाचा पवित्र कसबा. चंदीगढाहून खरड, कुराळी, रूपनगर या वाटेने तो सुमारे ७५ कि.मी. पडतो. येथून सुमारे १० कि.मी.वर आनंदपूर साहिब आहे आणि नैनादेवीच्या डोंगराकडे व कुलू-मनालीकडे जाणारे रस्तेही येथूनच फुटतात. त्यामुळे बहुसंख्य यात्रेकरू या गावाकडे मुक्कामाचे स्थळ म्हणून न पाहता वाटेवरचा फाटा म्हणून पाहतात. हा त्याच्यावर अन्यायच होय.

सहावे गुरू हरगोविंद यांच्या आज्ञेने त्यांचे ज्येष्ठ पुत्र बाबा गुरदित्ता यांनी १६२७ च्या सुमारास हे गाव वसविले. हा मुलूख तेव्हा कहलूर (बिलासपूर) या डोंगरी संस्थानाचा असून मोगल फौजदारांच्या प्रत्यक्ष अंमलाबाहेर होता, आणि बादशाही फौजेशी लढाया देऊन झाल्यावर गुरू हरगोविंद आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे काढण्यास येथेच का आले, याचा उलगडा त्यावरून होतो. सातवे गुरू हरराय (जन्म १६३०) व आठवे गुरू हरकृष्ण (जन्म १६५६) यांचा जन्म याच गावी झाला. ते स्थान शीशमहल या नावाने दाखविले जाते. गुरू हरराय यांनी वनौषधींचे उद्यान व दवाखाना ठेवला होता आणि शाहजहानचा ज्येष्ठ शाहजादा दारा शुकोह दुर्धर व्याधीने आजारी पडला असता औषध येथूनच रवाना झाले, अशी परंपरा आहे. मुसलमान फकीर पीर बुढ्ढणशाह यांचा दर्गा टेकडीवर असून गुरू नानकांशी त्यांची भेट झाल्याचे सांगतात. बाबा गुरदित्ता यांचे स्मारकही टेकडीवरच आहे. बऱ्याच पायऱ्या चढून गेल्यावर तेथून दिसणारा सतलजच्या खोऱ्याचा विस्तार श्रमांचे चीज करतो.

नदीकाठचा पाताळपुरी गुरुद्वारा हे गावाचे मुख्य तीर्थ. गुरू हरगोविंद (मृ. १६४४) व गुरू हरराय (मृ. १६६१) यांचे अंत्यसंस्कार याच ठिकाणी झाले, आणि त्या पुण्याईच्या बळावर पंजाबातील असंख्य शीख कुटुंबे आपल्या दिवंगतांच्या अस्थी, त्यांच्या भाषेत ‘फूल’, येथील प्रवाहात सोडण्यास येतात. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या शीख रहत मर्यादेत मात्र गंगा, पाताळपुरी आदी ठिकाणी अस्थी नेऊन टाकणे हे मनमत, म्हणजे गुरूंच्या शिकवणीशी विसंगत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही मोटारी येतच राहतात. ज्या चंदीगढाच्या आराखड्यात ल कॉर्ब्युझिए यांनी वस्त्या, बागा, रस्ते यांचा बंदोबस्त बारकाईने केला, त्या नगरास बारमाही नदी मात्र नाही, केवळ पावसाळी ओढे आहेत. तेव्हा तेथील शोकाकुल कुटुंबाने वडीलधाऱ्यांची वहिवाट धरून सतलज गाठली, तर पंथाज्ञेचा भंग म्हणून त्यास फार दोष देता येईलसे वाटत नाही. नाशिकच्या रामकुंडावर आप्तांच्या अस्थी सोडलेल्या मराठी माणसास हा जिव्हाळा सहज उमजेल. भाक्रा-नांगल प्रकल्पाने पुष्कळ पाणी कालव्यात वळविल्यापासून नदीचे मूळ पात्र मात्र पूर्वीचे राहिलेले नाही.

पायी यात्रेच्या दृष्टीने बिबाणगढ साहिब हे स्थान विशेष महत्त्वाचे. १६७५ मध्ये दिल्लीस नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांचे शिष्य भाई जैता यांनी ते शिर जिवावर उदार होऊन येथवर आणले. गुरूंचे नऊ वर्षांचे पुत्र गोविंदराय ते घेण्यास सामोरे आले आणि येथून ते मिरवणुकीने आनंदपुरास नेण्यात आले. पुढे गुरू गोविंदसिंग झालेल्या याच बालकाचा देह १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेड येथे विसावला, म्हणून नांदेडकरांस ही वाट परकी नाही. होळीच्या सुमारास भरणारा होला महल्ला हा शीख मेळा पहिले तीन दिवस कीरतपुरात व नंतरचे तीन दिवस आनंदपुरात चालतो; श्रावणात या वाटेवर नैनादेवीस जाणाऱ्या पायी यात्रेकरूंची वर्दळ असते. फ्रान्समध्ये ल प्वी येथून स्पेनमधील सांतियागोकडे निघणाऱ्या ख्रिस्ती यात्रेच्या पायवाटेवर लोत नदीकाठी एस्पालियों, एस्तें यांसारखी लहान नगरे लागतात व त्यांचे जुने पूल १९९८ पासून जागतिक वारसास्थळात गणले जातात. कीरतपूरची वाट तशी रीतसर जपलेली नाही, मालमोटारींच्या धुळीतूनच तिच्यावर चालावे लागते. परंतु वाटेवर जागोजाग लंगर, म्हणजे मोफत अन्नछत्रे, असल्याने पांथस्थ उपाशी राहत नाही.

सरहिंद-नांगल लोहमार्गावर गावाचे स्थानक आहे. थंडीचे दिवस सोयीचे. होला महल्ल्याच्या काळात गर्दी अतोनात असते. गुरुद्वाऱ्यात मस्तक झाकून, पादत्राणे बाहेर ठेवून जावे लागते.